मैदान दानात मिळत नसते

मुलांना खेळायला जागा देणे हे पुण्यकर्म आहे, अशी एक समजूत आपल्याकडे अलीकडे फार वेगाने पसरते आहे. वरवर पाहता ती निरुपद्रवी वाटते. इतकेच काय, सद्गुणाचा वेष घेऊनच ती दारात उभी राहते. त्या समजुतीशी भांडावयास मी आज बसले आहे. पुण्यकर्म करणारा माणूस नेहमी आपल्या सवडीने, आपल्या ऐपतीप्रमाणे आणि बहुधा आपल्या नावाची पाटी लावून पुण्य करतो. ज्याला ते मिळते त्याने हात जोडायचे असतात, हिशेब विचारायचा नसतो. आणि मला तर हिशेबच विचारावयाचा आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी खाजगी शाळेत बालवर्गावर शिकवते. शिक्षण मॅट्रिकपुरते. दोन-चार कादंबऱ्या नावावर आहेत म्हणून संपादक दिवाळी आली की कथा मागतात. यंदा कथेऐवजी भांडण पाठवते आहे. वाचकांनी ते फराळासोबत गोड मानून घ्यावे अशी माझी अपेक्षा नाही.

भांडणाचे निमित्त मोठे गमतीचे आहे. माझे एक चुलत दीर इंग्लंडात असतात. त्यांच्या घरातल्या चौघांनी, म्हणजे नवरा, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा यांनी, गेल्या वर्षी एक व्रत घेतले. आपल्या गावातली मुलांची सगळी मैदाने एकेक करून पाहायची, प्रत्येक ठिकाणी मनसोक्त खेळायचे आणि घरी येऊन त्याला दहापैकी गुण द्यायचे. प्रत्येक मैदानामागे ओळखीच्या मंडळींनी एकेक पौंड द्यायचा आणि जमलेली रक्कम आजारी मुलांच्या इस्पितळाला जायची. त्या मुलीने पाठवलेली वही मी पाहिली आहे. झोपाळे किती, घसरगुंडी केवढी, वाळू स्वच्छ आहे की नाही, बसायला बाक आहे की नाही, असे रकाने आखलेले. वही वाचताना मला मनापासून आनंद झाला, हे आधीच सांगून टाकते. त्या कुटुंबाशी माझे भांडण नाही. सुट्टीचे दिवस बाजारात घालवण्यापेक्षा मैदानात घालवणारे आईबाप मला हजारदा पसंत आहेत.

पुढे ती मंडळी पंधरा दिवसांसाठी इकडे आली आणि मुलीने इथेही वही उघडली. तेथून गोष्ट आमच्या गावच्या हौशी दानशूर मंडळींच्या कानावर गेली. त्यांना ती इतकी आवडली की आता आमच्या तालुक्यात मैदानांची स्पर्धा घेण्याचे घाटते आहे. परीक्षक हिंडणार, गुण देणार, पहिल्या आलेल्या मैदानाला ढाल मिळणार, शेवटच्या आलेल्या मैदानाला दाते खेळणी देणार, आणि खेळण्यावर दात्याचे नाव रंगवले जाणार. या कल्पनेवर सभेत टाळ्या पडल्या. मी त्या सभेला होते. त्या वेळी मला बोलू दिले नाही. ‘बाई, शेवटी बोला,’ असे म्हणाले, आणि शेवटी चहा आला. म्हणून येथे बोलते.

पहिला प्रश्न असा की, गुण द्यावयाचे ते कोणाला? परीक्षेत गुण मिळतात ते उत्तर लिहिणाऱ्याला. शाळेत मी एखाद्या मुलाला कमी गुण दिले, तर त्याची आई दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभी राहते, आणि दोघी मिळून आम्ही काहीतरी करतो. मैदानाला कमी गुण दिले तर कोणाची आई येऊन उभी राहणार? इंग्लंडातल्या त्या मुलीने एखाद्या मैदानाला दहापैकी तीन दिले, तर ते तीन कोणाचे हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तिथे बहुतेक मैदानांच्या फाटकावर नगरपालिकेचे नाव असते, मोडलेल्या झोपाळ्याची तक्रार कोठे करायची तेही लिहिलेले असते. आमच्याकडे मैदान नापास झाले तर नापास कोण झाले, याचा पत्ता लागत नाही. ग्रामपंचायत म्हणते जागा शाळेची, शाळा म्हणते संस्थेची, संस्था म्हणते सरकारची, आणि तलाठ्याकडे गेले तर कागदावर भलतेच काही निघते. जिथे उत्तरपत्रिकेवर नावच नाही, तिथे गुण देण्याचा खटाटोप हा निव्वळ करमणुकीचा कार्यक्रम होय.

तिकडे तरी सारे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. इंग्लंडात २००८ साली सरकारने मुलांच्या खेळासाठी मोठी योजना जाहीर केली होती. २३ कोटी ५० लक्ष पौंड खर्चून साडेतीन हजारांपर्यंत मैदाने नवी करावयाची किंवा सुधारावयाची असा तो बेत होता. २०१० मध्ये सरकार बदलले आणि योजनेला कात्री लागली. सरकारची मर्जी हीदेखील एक प्रकारची देणगीच असते. देणारा बदलला की हात आखडतो. पण त्याच बेटावर शेजारी वेल्स नावाचा लहानसा प्रांत आहे. आपल्या एखाददुसऱ्या जिल्ह्याएवढी, तीसेक लाख त्याची वस्ती. त्या वेल्सने २०१० साली कायदाच केला. प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या हद्दीतल्या मुलांना खेळायला पुरेशी संधी आहे की नाही याची ठरावीक काळाने मोजदाद केली पाहिजे आणि जमेल तितकी कमतरता भरून काढली पाहिजे, असे त्या कायद्याने बजावले आहे. असा कायदा करणारा जगातला तो पहिला देश मानला जातो. येथे फरक ध्यानात घ्या. मैदाने हिंडून पाहणे, रकाने भरणे, कोठे काय कमी आहे ते लिहून काढणे, हे काम इंग्लंडातल्या माझ्या पुतणीने हौसेने आणि परोपकारासाठी केले. वेल्समध्ये तेच काम नगरपालिकेने नाकदुऱ्या न काढता केलेच पाहिजे. वही तीच, पण एका वहीला आभाराचे पत्र मिळते आणि दुसऱ्या वहीला उत्तर द्यावे लागते.

‘आपल्याकडे असा कायदा कोठून येणार?’ असे कोणी म्हणेल. कायद्याच्या बाबतीत आपण मुळीच गरीब नाही. १९५९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालकांच्या हक्कांचा जाहीरनामा काढला, त्यात खेळ आहे. १९८९ च्या करारात एकतिसावे कलम खेळाचे आणि विश्रांतीचे आहे, आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. पुढे २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आला. त्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय असलेच पाहिजे त्याची यादी आहे. वर्गखोल्या, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, कुंपण, आणि त्याच यादीत, त्याच मानाने, खेळाचे मैदान. ज्या शाळांत या गोष्टी नसतील त्यांनी त्या तीन वर्षांत पुऱ्या कराव्यात असेही त्यात होते. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुदत २०१३ च्या मार्चअखेर संपली. त्यानंतर जन्मलेली मुले बालवर्ग संपवून वरच्या वर्गांत गेली. आता त्यांना आपण ढाल देणार आहोत.

या कायद्यात एक मोठे भगदाड आहे, तेही सांगते. मैदान असावे असे लिहिले, पण केवढे असावे ते लिहिले नाही. मग काय होते? तपासणीला माणूस येतो, संस्थेचा कारकून खिडकीतून बोट दाखवतो, आणि ‘मैदान आहे’ असे लिहिले जाते. बोटाच्या टोकाला मुख्याध्यापकांच्या मोटारसायकलीची सावली आणि पाण्याची टाकी एवढेच असते. कागदावर मैदान पूर्ण, आणि मधल्या सुट्टीत पन्नास पोरे एकमेकांच्या पायात पाय घालून उभी.

जी गोष्ट शाळेची तीच वस्तीची. आमच्याकडे शेते मोडून लेआउट पडतात. जमीन अर्ध्या हेक्टराच्या आसपास किंवा त्याहून मोठी असली की दहावा हिस्सा मोकळा सोडण्याचा नियम आहे, आणि त्या तुकड्याला आम्ही सगळे ‘ओपन स्पेस’ म्हणतो. मराठी शब्द कोणी काढला नाही, बहुधा तो फार दिवस मोकळा राहायचाच नाही म्हणून. आरंभी तिथे पऱ्हाटीचे ढीग पडतात. मग कोणी चार विटा मांडतो. विटांवर शेंदूर चढतो, शेंदरावर टिनाचे छप्पर चढते, छपरापुढे सभामंडप येतो. दुसऱ्या लेआउटात देवाऐवजी पुढाऱ्याच्या नावाचे सभागृह येते. पोरे पाहता पाहता कडेला सरकतात, मग रस्त्यावर येतात, आणि मोटारीने धडक दिली की लोक म्हणतात, हल्लीची मुले रस्त्यात खेळतात! देवळाला माझा विरोध नाही. आमच्या घराण्यात पंढरीची वारी आहे. पण पोरांच्या पानातला घास काढून नैवेद्य दाखवला, तर तो कोणत्या देवाला रुचेल?

शहरांच्या विकास-आराखड्यात मैदानांसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात एक १२७ वे कलम आहे. आराखडा मंजूर झाल्यापासून दहा वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही, तर मालकाला नोटीस देता येते, आणि नोटिशीनंतरच्या मुदतीतही कोणी हालचाल केली नाही तर आरक्षण उडते. मालकावर अन्याय होऊ नये म्हणून हे कलम आहे, आणि ते योग्यच आहे. कोणाची जमीन उगाच अडकवून का ठेवावी? पण मुलांच्या बाजूने ते वाचून पाहा. दहा वर्षे म्हणजे पाच वर्षांचे पोर पंधरा वर्षांचे होण्याचा काळ. नगरपालिकेने नुसते स्वस्थ बसावयाचे, की एक अख्खी पिढी मैदानावाचून मोठी होते आणि पुढच्या पिढीचे मैदान कागदावरूनही जाते. कोणी गुन्हा केला असे दाखवता येत नाही. आळस हा आपल्याकडे गुन्हा नाही.

जिथे लोक हटून बसले तिथे मात्र निराळे घडले आहे. बंगलोरात एका वस्तीतली उद्यानासाठी राखलेली जागा एका खाजगी संस्थेला इस्पितळासाठी देऊन टाकली होती. रहिवासी न्यायालयात गेले, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती देणगी रद्द ठरवली. इस्पितळ ही वाईट गोष्ट नव्हे, पण मोकळी जागा ही साऱ्यांच्या आरोग्याची ठेव आहे आणि ती एकाला देता येत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. तसेच २०११ मध्ये पंजाबातल्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे काढावीत असे सगळ्या राज्यांना बजावले. आमच्या विदर्भात गावोगाव ई-क्लासची जमीन असते. तिच्यावर कोणी कोणी काय काय उभे केले आहे, ते प्रत्येक गावाला तोंडपाठ आहे. मुलांनी मात्र त्या जमिनीवर दोन खांब रोवले की ‘परवानगी कोणाची?’ असा प्रश्न येतो.

आता दात्यांच्या खेळण्यांकडे वळते. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या उन्हाविषयीच्या ज्ञानाविषयी. यवतमाळात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. अशा गावी लोखंडी पत्र्याची घसरगुंडी उघड्यावर उभी करणे म्हणजे तवा मांडून ठेवण्यासारखे आहे. सुट्टीचे दोन महिने, म्हणजे ज्या काळात मुलांना खेळायला खरा वेळ असतो त्याच काळात, सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत त्या घसरगुंडीला हात लावण्याची सोय नाही. पावसाळ्यात ती गंजते, हिवाळ्यात तिची एक कड फाटते, आणि वर्षाच्या आत तिच्यावर दात्याचे नाव तेवढे शाबूत उरते. त्याच पैशात चार कडुनिंब लावून, त्यांना दोन उन्हाळे पाणी घालण्यासाठी माणूस ठेवला असता, तर पन्नास वर्षांची सावली झाली असती. पण कडुनिंबावर नाव रंगवता येत नाही, आणि उद्घाटनाच्या दिवशी तो फक्त हातभर असतो.

मुलांना खेळायला फार सामान लागते हा समज खेळण्यांच्या व्यापाऱ्यांनी पसरवला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲम्स्टरडॅम शहरात पडक्या घरांच्या, ओसाड कोपऱ्यांच्या जागा पुष्कळ होत्या. आल्डो फान आयक नावाच्या तरुण वास्तुशिल्पीने तिथल्या नगरपालिकेत नोकरी करताना १९४७ मध्ये एका चौकात पहिले मैदान केले. वाळूचा हौद, काही ठोकळे, चढायला-लोंबकळायला साध्या लोखंडी नळ्या, कडेला झाडे आणि बाक. बस्स. ते पाहून इतर मोहल्ल्यांतले लोक नगरपालिकेला पत्रे लिहू लागले, की आमच्याही कोपऱ्यावर करा. १९७८ पर्यंत त्या एका शहरात अशी सातशेंवर मैदाने झाली. त्या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे ती पत्रे. लोकांनी पत्रे लिहिली ती दात्यांना नव्हेत, नगरपालिकेला. आणि नगरपालिकेने ती वाचली.

पण इतक्या दूर तरी कशाला जायचे? शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा काढला, त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. त्या मातीतली माणसे १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी आणि मल्लखांब दाखवावयास गेली होती. आखाड्याची माती आणि लाकडी खांब, एवढ्यावर बर्लिन गाठता येते. ठाण्याकडच्या आदिवासी भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यांच्या कामातून आला. पुढे १९७५ साली सरकारने सगळ्या देशासाठी योजना काढली, तिने तो शब्द उचलला. आज खेड्यापाड्यांतून मी अंगणवाड्या पाहते. कित्येक भाड्याच्या खोलीत भरतात, कित्येकांचे दार सरळ रस्त्यावर उघडते. पाटीवर अंगण आहे, जमिनीवर नाही. एखाद्या शब्दाचा इतका उघड पराभव मी दुसरा पाहिलेला नाही.

या लिहिण्याला घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. सर्वांत जड आक्षेप असा: ज्या जिल्ह्याचे नाव देशभर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ठाऊक झाले, तिथे तुम्हाला मैदाने सुचतात कशी? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी उद्धट उत्तर देणार नाही, कारण तो दुःखातून आलेला असू शकतो. मी फक्त एवढे सांगेन की, त्या घरातली मुले माझ्या वर्गात असतात. मोठी माणसे त्यांच्याभोवती कुजबुजतात, नातेवाईक डोक्यावरून हात फिरवतात, पुढारी फोटो काढतात. मूल कशातच नसते. कोणाशी न बोलणारे असे एक मूल सुमारे महिनाभराने पहिल्यांदा बोलले ते मैदानाच्या कोपऱ्यात, बांधकामाच्या उरलेल्या वाळूवर. ‘माझा बैल,’ असे म्हणत त्याने ओल्या वाळूचा एक गोळा दुसऱ्या मुलाकडून हिसकावून घेतला. दोघे भांडले. त्या भांडणाने मला जेवढे हायसे वाटले, तेवढे कोणत्याही शिकवण्याने कधी वाटले नाही. कर्जमाफी मैदानाने होत नाही हे मला कळते. पण ज्याच्या घरात कर्ज आहे, ज्याच्या खोलीत दिवाळीच्या सुमारास छतापर्यंत कापूस भरलेला असतो आणि पाय पसरायला जागा नसते, त्याच मुलाला बाहेरच्या जागेची गरज सर्वांत अधिक आहे. ज्याच्या घरी गच्ची आणि बगीचा आहे, तो सार्वजनिक मैदानावाचूनही वाढेल.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. ‘मैदाने देऊन काय उपयोग, पोरे खेळायला येतातच कोठे?’ हे म्हणजे आड बुजवून ‘लोकांना हल्ली तहानच लागत नाही’ असे म्हणण्यासारखे आहे. झरी-जामणीकडे, मारेगावकडे कोलामांचे पोड आहेत. पोडाच्या मधली मोकळी जागा अजून कोणी विकलेली नाही. तिथे संध्याकाळी जाऊन पाहा. बिल्लस, रेसटीप, लगोरी, आट्यापाट्या, सगळे चालू असते, आणि मोबाइल तिथेही पोचलेला आहे. पडद्याने मुलांना मैदानातून ओढून नेले नाही. मैदान गेले म्हणून ती पडद्यापुढे बसली.

तिसरा आक्षेप घेणारे लोक खरे तर माझ्या बाजूचे असतात, पण त्यांचीच मला भीती वाटते. ते म्हणतात, मैदाने हवीतच, त्याखेरीज खेळाडू कसे घडणार? मग तालुक्याला क्रीडासंकुल येते, धावपट्टी येते, फाटक येते, फाटकाला कुलूप येते, आणि गणवेश नसलेले पोर बाहेर उभे राहते. शंभर मुलांतले एखादे पदक आणील. उरलेल्या नव्व्याण्णवांना पदकाशिवाय खेळण्याचा अधिकार आहे की नाही? त्यांतही मुलींचे काय? आमच्या गावची मुलगी बारा वर्षांची झाली की तिचे मैदान संपते. तिथे मुलगे क्रिकेट खेळत असतात आणि ती कडेकडेने दळण घेऊन जाते. कोणत्याही परीक्षकाच्या तक्त्यात हा रकाना नाही.

म्हणून गुणच द्यावयाचे असतील, तर रकाने मी सुचवते. वैशाखातल्या दुपारी चार वाजता तिथे सावली आणि पाणी आहे काय? बारा वर्षांची मुलगी तिथे अर्धा तास पळू शकते काय? पायाने अधू असलेले मूल तिथपर्यंत पोचते काय? आत जायला कोणाची ओळख, वर्गणी किंवा जात लागते काय? आणि शेवटचा रकाना: गेल्या वर्षात लग्ने, सभा, प्रदर्शने, मीनाबाजार आणि मोटारी यांसाठी ते मैदान मुलांपासून किती दिवस काढून घेतले? यवतमाळ शहरातली समता मैदान, आझाद मैदान ही नावे आपण सभांच्या बातम्यांतूनच वाचतो. सभा व्हाव्यात, लोकशाहीला सभा लागतात. पण मांडव निघाल्यावर खिळे, खड्डे आणि काचा कोण वेचतो, हे सोमवारी सकाळी कोणत्याही मैदानावर जाऊन पाहावे. त्या इंग्लंडातल्या मुलीने आमच्या शाळेच्या मैदानावर तासभर घालवला आणि वही उघडून ती माझ्याकडे आली. म्हणाली, ‘मोठी आई, इथे काहीच सामान नाही, पण मुले किती आहेत! याचे गुण कोठे लिहू?’ तिच्या वहीत सामानाचे रकाने होते, मुलांचा नव्हता. नऊ वर्षांच्या पोरीला जे खटकले, ते आमच्या स्पर्धेच्या कार्यकारी मंडळाला खटकलेले नाही.

आणि ते मैदानही आता राहील असे दिसत नाही. ज्या संस्थेत मी नोकरी करते, तिने रस्त्याच्या कडेने दुकानांचे गाळे काढावयाचे ठरवले आहे. गाळ्यांच्या भाड्यातून शाळेचा विकास होणार, आणि उरलेल्या पट्टीत दात्यांनी दिलेली खेळणी बसणार. म्हणजे आधी मैदान घ्यावयाचे आणि मग त्याच्या एका कोपऱ्यात मैदानाचे खेळणे दान करावयाचे. यावर टीका केली तर ‘बाई, तुम्ही दानधर्माच्या विरुद्ध आहात’ असे म्हणतात. हे छापून आल्यावर मला कार्यालयात बोलावतील, हेही मी जाणते. बोलावू देत. माझ्या वर्गातली पोरे चार वर्षांची आहेत. त्यांना संस्थेच्या सभेला जाता येत नाही.

याच जिल्ह्यात १९३० साली लोकनायक बापूजी अणे आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांनी पुसदकडे राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंग पत्करला. मूठभर गवताची किंमत ती काय? पण जंगल कोणाचे, हा प्रश्न त्या मुठीत होता. तेव्हा जागा राखीव होत्या म्हणून लोकांना आत जाता येत नव्हते; आज जागा मुलांसाठी राखीव आहेत आणि तरीही मुलांनाच आत जाता येत नाही. आज कोणी तुरुंगात जाण्याचीही गरज नाही. कायदा आपल्या बाजूला आहे. फक्त विचारावयाचे आहे, आणि दात्याला नव्हे, तर ज्याचे उत्तर देणे कर्तव्य आहे त्याला.

तेव्हा स्पर्धा, ढाली आणि पाट्या बाजूला ठेवा. २६ जानेवारीला गावोगाव झेंडावंदनासाठी पटांगण झाडले जाते, चुन्याच्या रेषा पडतात. वर्षातून एकदा तरी ते मैदान दिसते. त्या दिवशी ग्रामसभाही असते. वाचकहो, त्या सभेत उभे राहा आणि एवढाच प्रश्न विचारा: आमच्या गावातल्या मुलांचे मैदान कोणत्या गट नंबरात आहे, त्याचे क्षेत्र किती, आणि त्याच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचे? उत्तर लिहून घ्या. उत्तर आले नाही तर तेही लिहून घ्या, खाली तारीख घाला, आणि पुढच्या ग्रामसभेत तोच प्रश्न पुन्हा विचारा.